२०१३चे ६१ आणि २०२५चे ८८: बारावीचं फिजिक्स सोपं झालंय का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चर्चा भरकटणार नाही. तुम्ही २०१३ साली राज्य मंडळाची बारावी दिलीत आणि फिजिक्सला शंभरपैकी (लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०) ६१ गुण मिळाले. धाकट्या मामेभावाला २०२५ साली ८८ मिळाले. तुम्हाला शंका आली, म्हणून तुमच्या वेळची प्रश्नपत्रिका शोधून त्याला तीन तास बसवलंत आणि पेपर स्वतः तपासलात. त्याला ७० पैकी २६ पडले. आता तुम्ही विचारताय की परीक्षेचा दर्जा घसरलाय का, आणि घसरला असेल तर त्या ८८ ला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कितपत भरवशाचं मानायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. बोर्डाचे पेपर तपासले आहेत, नियामक म्हणून इतरांनी तपासलेले गठ्ठेही पाहिले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या प्रयोगावरून दर्जा घसरल्याचं सिद्ध होत नाही आणि टिकून असल्याचंही होत नाही. ६१ आणि ८८ हे आकडे एकाच मापावरचे नाहीत, त्यामुळे त्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही. तरीही ‘काहीच सांगता येत नाही’ असं म्हणून मी हात झटकणार नाही. बरंच काही सांगता येतं.

आधी तुमचा प्रयोग. २०१३ची परीक्षा ज्या पुस्तकावर झाली त्यात वीस प्रकरणं होती. गुरुत्वाकर्षण, इलॅस्टिसिटी, कम्युनिकेशन सिस्टिम हे सगळं बारावीला होतं. २०२० साली बालभारतीचं नवं पुस्तक आलं, त्यात सोळा प्रकरणं आहेत. वरची तिन्ही अकरावीत गेली आणि बारावीत थर्मोडायनॅमिक्स व एसी सर्किट्स स्वतंत्र प्रकरणं म्हणून आली. सरफेस टेन्शनच्या जोडीला व्हिस्कॉसिटी आणि बर्नुलीचं तत्त्व बसलं. म्हणजे उपग्रहाच्या क्रिटिकल व्हेलॉसिटीचं डेरिव्हेशन, म्हणजे सूत्राची सिद्धता, तुमच्या मामेभावाने वाचलं असेल तर अकरावीत. आणि अकरावी आपल्याकडे कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. परीक्षा कॉलेजचीच, क्लासचा भर पुढच्या वर्षावर, बऱ्याच मुलांची ती वाचलीच जात नाही. त्याला तयारीला एक दिवसही न देता दीड वर्षापूर्वीच्या, अर्धवट वाचलेल्या भागावर तुम्ही लेखी परीक्षा घेतलीत. २६ म्हणजे मला तर ठीकच वाटतात.

उलट बाजूने विचार करा. आज तुम्ही २०२५चा पेपर सोडवायला बसलात, तर तुमच्या पुस्तकात नसलेल्या प्रकरणांवर तुमचीही तशीच फजिती होईल. बाकीच्या प्रश्नांत एमसीक्यू निभावतील, पण पॅरलल ॲक्सिसचं प्रमेय ‘सिद्ध करा’ म्हटल्यावर बारा वर्षांनी आकृतीत कुठला बिंदू कुठे घ्यायचा हे आठवणार नाही. याला तुमचं फिजिक्स कच्चं म्हणत नाहीत. बोर्डाची लेखी परीक्षा ही फेब्रुवारी-मार्चपुरती घासूनपुसून ठेवलेली तयारी मोजते. तयारीशिवाय दिलेला पेपर, मग तो कुठल्याही सालचा असो, वेगळंच काहीतरी मोजतो.

आता मुख्य मुद्द्याकडे. दर्जा म्हणजे फक्त प्रश्नपत्रिका, असं आपण धरून चालतो, कारण हातात तेवढीच असते. माझ्या मते प्रश्नपत्रिका हा त्यातला लहान भाग. गुण ठरतात ते मॉडेल आन्सरमध्ये, म्हणजे तपासणाऱ्यांना दिलेल्या गुणवाटणीसहच्या नमुना उत्तरात, आणि ते तुम्हाला दिसत नाही.

एक न्यूमेरिकल घ्या. एका धातूचं वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, थ्रेशोल्ड वेव्हलेंग्थ (इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकणाऱ्या प्रकाशाची सर्वांत मोठी वेव्हलेंग्थ) काढा. गुण दोन. प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले वर्क फंक्शन, हे सूत्र लिहिलं की साधारण अर्धा गुण. किमती बरोबर घातल्या की आणखी अर्धा. मग मुलं उजव्या बाजूला रेघ मारून लॉगचं काम करतात, कारण कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. दहाचे घात वेगळे ठेवून, वरच्या गुणाकाराचा म्हणजे १९.८९ चा लॉग १.२९८६, ज्यूलमधल्या वर्क फंक्शनचा म्हणजे ३.३६ चा ०.५२६३, वजाबाकी ०.७७२३, अँटिलॉग ५.९२०. उत्तर ५९२० अँगस्ट्रॉम. इथे दहाचा घात चुकला आणि उत्तर दहापट आलं, तरी सूत्र आणि किमतींचा मिळून एक गुण पदरात पडतो. म्हणजे पन्नास टक्के. दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यात बसणारं उत्तर अवरक्तात कसं गेलं, हे त्या मुलाच्या लक्षातही आलेलं नसतं.

आता त्याच प्रकरणावर, त्याच आकड्यांवर दुसरा प्रश्न. याच धातूवर ४००० अँगस्ट्रॉमचा प्रकाश टाकला तर इलेक्ट्रॉन बाहेर पडतील का? प्रकाशाची तीव्रता तेवढीच ठेवून वेव्हलेंग्थ दुप्पट केली तर काय होईल, कारणासह सांगा. गुण तेवढेच दोन. पहिल्या प्रकाशाचा फोटॉन सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणून इलेक्ट्रॉन पडतात आणि जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास गतिज ऊर्जा घेऊन पडतात. दुसऱ्याचा जेमतेम दीडच्या वर, म्हणून एकही पडत नाही. आकडेमोड जवळजवळ नाहीच. पण वर्गात हा प्रश्न टाकला की पहिला प्रश्न झटक्यात सोडवणारी निम्मी मुलं अडखळतात. कुणी लिहितं ‘ऊर्जा निम्मी झाल्याने निम्मे इलेक्ट्रॉन पडतील’.

दोन्ही प्रश्न ‘ड्युअल नेचर (या प्रकरणाचं नाव), दोन गुण’ याच रकान्यात जातात. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या तरी, कुठल्या वर्षी पहिल्या जातीचे किती आणि दुसऱ्या जातीचे किती हे मोजल्याशिवाय अवघडपणाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आणि त्या वर्षी अर्ध्या-अर्ध्या गुणांची वाटणी कशी केली होती हे कळल्याशिवाय त्या मोजणीलाही अर्थ नाही. नियामकांच्या बैठकीत एखाद्या संदिग्ध प्रश्नाला ‘हेही उत्तर ग्राह्य’ ठरलं, की त्या एका ओळीने हजारो मुलांचा एकेक गुण इकडचा तिकडे होतो. हा काही घोटाळा नाही. संदिग्ध प्रश्नाचा भुर्दंड मुलांना पडू नये म्हणून ते करावंच लागतं. पण त्या वर्षीचे गुण पुढच्या वर्षीच्या गुणांशी ताडून पाहणाऱ्याला ती ओळ ठाऊक नसते.

यापुढचा मुद्दा तुमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचा आहे. विज्ञान शाखेचा जो अभ्यासक्रम तुम्ही शिकलात, त्यावरची पहिली परीक्षा २०१३चीच होती. म्हणजे तुमची पहिली तुकडी. जुन्या प्रश्नपत्रिका निरुपयोगी, क्लासच्या नोट्स अर्ध्याकच्च्या, शिक्षक स्वतः पुस्तक पहिल्यांदा शिकवणारे. पेपर काढणाऱ्यालाही मुलं किती वेळात काय लिहितील याचा अंदाज नसतो. इंग्लंडमध्ये परीक्षांवर देखरेख करणारी ऑफक्वॉल ही संस्था याला करवतीच्या दातांचा परिणाम म्हणते. परीक्षा बदलली की पहिल्या वर्षी कामगिरी खाली येते, मग दोन-तीन वर्षांत सगळे सरावतात आणि ती वर चढते, पुढच्या बदलाला पुन्हा खाली. मुलांची समज तेवढीच असते, सराव वाढलेला असतो. शिकवताना मला हे दरवेळी दिसलं आहे. नव्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः कुठला प्रश्न ‘येणारच’ हे सांगू शकत नाही. चौथ्या वर्षी वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगाही सांगतो.

तुमचा मामेभाऊ दाताच्या टोकावर आहे. २०२० च्या पुस्तकावरची पहिली परीक्षा २०२१ ला व्हायची होती, ती कोविडमुळे रद्द झाली आणि दहावी, अकरावी व बारावीचं अंतर्गत मूल्यमापन यांना ३०:३०:४० असं वजन देऊन निकाल लागला. खरी पहिली परीक्षा २०२२ ची. तीही पंचवीस टक्के कमी केलेल्या अभ्यासक्रमावर, अर्धा तास जादा देऊन, स्वतःच्याच कॉलेजात. त्यामुळे पहिल्या तुकडीला बसणारा धक्का या पुस्तकाच्या वाट्याला फारसा आलाच नाही. २०२५ ही त्याच पुस्तकावरची चौथी लेखी परीक्षा. तोवर प्रकरणवार गुणभार मुलांना तोंडपाठ असतो आणि कुठली डेरिव्हेशन फिरून फिरून येतात त्याच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात.

त्यात प्रश्नपत्रिकेची रचना पाहा. अ विभागात दहा एमसीक्यू आणि आठ एका गुणाचे प्रश्न, सगळे सक्तीचे, म्हणजे १८. पुढे दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ आणि चार गुणांचे पाचपैकी तीन. ७० गुणांच्या परीक्षेत ९८ गुणांचे प्रश्न छापलेले असतात. २८ गुणांचे प्रश्न न वाचता सोडले तरी पैकीच्या पैकी मिळू शकतात. कुठलं प्रकरण ‘ऑप्शनला टाकायचं’ याचं गणित दिवाळीनंतर प्रत्येक वर्गात सुरू होतं. शिवाय सर्वांत मोठा प्रश्न चार गुणांचा, म्हणजे दीड पान सलग युक्तिवाद लिहायची वेळ फारशी येत नाही. मला हे पटत नाही, पण आत्ता तो विषय नाही.

आणि प्रात्यक्षिकाचे ३० विसरू नका. ते गुण कॉलेजात दिले जातात. बाहेरचा परीक्षक असतो हे खरं, तरी पंचविशीच्या खाली मी क्वचितच पाहिलेत. मामेभावाच्या ८८ मध्ये प्रात्यक्षिकाचे २९ धरले तर लेखीत ५९ उरतात. तुमच्या ६१ मधूनही तसे वजा करा. तुलना करायचीच असेल तर निदान या दोन उरलेल्या आकड्यांची करा.

निकालाच्या टक्केवारीवरून दर्जा ठरवणारे फार असतात, म्हणून तेही सांगतो. राज्याचा बारावीचा निकाल २०१२ ला ७४.४६ टक्के होता, २०१३ ला ७९.९५ आणि २०१४ ला ९०.०३. दोन वर्षांत पंधरा टक्क्यांहून जास्त वाढ. हा सगळ्या शाखांचा मिळून आकडा आहे, त्यामुळे फिजिक्सच्या माथी किंवा पदरी काही टाकता येणार नाही. पण महाराष्ट्रातली मुलं दोन वर्षांत एवढी हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही, आणि पेपर दोन वर्षांत एवढे सोपे झाले म्हणायलाही पुरावा लागेल. पुढे २०१९ ला तो ८५.८८ वर आला, २०२० ला ९०.६६, परीक्षेविना २०२१ ला ९९.६३, मग ९४.२२, ९१.२५, ९३.३७ आणि २०२५ ला ९१.८८. वर-खाली, वर-खाली. सतत घसरत गेलेला दर्जा या आकड्यांत मला दिसत नाही.

मुलांचा जीव कशात अडकलाय यावरही बरंच अवलंबून असतं. २०१४ आणि २०१५ साली राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या गुणांना निम्मं वजन होतं, निम्मं जेईई मेन या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला. त्या दोन वर्षांत मुलं डेरिव्हेशन लिहून लिहून आणून दाखवायची. २०१६ पासून राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी (एमएचटी-सीईटी), परत आली आणि बोर्डाचे गुण बहुतेकांसाठी पात्रतेपुरते उरले. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे डेरिव्हेशनचा उपयोग शून्य, सूत्र आणि वेग हवा. तेव्हा आजचा मुलगा लांब उत्तर लिहिण्यात तुमच्याहून कच्चा असेल आणि पर्याय गाळण्यात तुमच्याहून कितीतरी तरबेज असेल, तर त्याचं कारण प्रश्नपत्रिकेत शोधू नका. आणि सीईटीचं पर्सेंटाइल दर्जा मोजायला वापरू नका. ते फक्त त्या वर्षीच्या रांगेतली जागा सांगतं. सगळी रांगच पुढे सरकली की मागे, हे त्यातून कळत नाही.

मग दर्जा मोजायचा कसा? त्याला एकच सरळ मार्ग आहे: काही प्रश्न वर्षानुवर्षं तेच ठेवायचे, गुप्त ठेवायचे आणि त्यांवर कामगिरी कशी बदलते ते पाहायचं. इंग्लंडमध्ये २०१७ पासून इंग्रजी आणि गणितासाठी अशी राष्ट्रीय चाचणी घेतात, तीही निवडक शाळांतल्या मुलांची. फिजिक्ससाठी तिथेही नाही. तिथल्या ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, ग्रेडच्या सीमा परीक्षा झाल्यावर ठरवतात, पेपर अवघड गेला तर सीमा खाली आणतात. आपल्याकडे ३५ म्हणजे ३५, पेपर कसाही असो. त्यामुळे पेपरच्या अवघडपणातला चढउतार आपल्याकडे थेट गुणपत्रिकेवर उमटतो.

माझ्यापुरतं मी एक करतो. बारावी सुरू होताना मोजके प्रश्न देतो, दरवर्षी तेच. पेपर परत घेतो आणि उत्तरं वर्गात सांगत नाही. एका कॉलेजातल्या मुलांवरून राज्याबद्दल काही ठरवता येत नाही हे मान्य. तरी माझा ठसा असा: आलेख वाचणं सुधारलंय. एककं जुळवून उत्तर तपासण्याची सवय पूर्वीही नव्हती, आजही नाही. बीजगणित मात्र ढिलं पडलंय. तीन पायऱ्यांचं समीकरण फिरवताना चिन्ह हरवणारी मुलं पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. कल्पना समजण्यात, म्हणजे वरच्या दुसऱ्या जातीच्या प्रश्नांत, मला म्हणण्यासारखा फरक दिसलेला नाही. तो भाग तेव्हाही कमकुवत होता, आजही आहे.

थोडक्यात तुमच्या दोघांपुरतं सांगायचं तर: तुम्ही नव्या अभ्यासक्रमाच्या सर्वांत गैरसोयीच्या वर्षी बसलात, तो सर्वांत सोयीच्या वर्षांपैकी एकात. दोघांचे पेपर वेगळ्या पुस्तकांवरचे. ८८ आणि ६१ मधला बराचसा फरक मी इथेच मोजून टाकेन. उरलेला त्याच्या मेहनतीचा असू शकतो, ही शक्यता तुम्ही विचारात घेतलेली दिसत नाही.

राहिला इंजिनिअरिंगचा प्रश्न. प्रयोग पुन्हा करा, पण नीट. दोन्ही पुस्तकांत असलेली प्रकरणं घ्या: रोटेशन, ऑसिलेशन्स, इंटरफिअरन्स, इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन, फोटोइलेक्ट्रिक परिणाम, सेमीकंडक्टर. तुमच्या आणि त्याच्या पेपरांतून प्रत्येक प्रकरणावरचे प्रश्न उचला, मिसळा, साल पुसून टाका. त्याला तयारीला पंधरा दिवस द्या. तपासताना दोन्ही सालच्या प्रश्नांना अर्ध्या-अर्ध्या गुणांची एकच वाटणी लावा, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मग पाहा की तुमच्या सालच्या प्रश्नांवर तो खरोखर मागे पडतोय का. माझा अंदाज, फार नाही.

त्याच बैठकीत आकडेमोड नसलेले चार-पाच प्रश्नही घाला. कॉइलमधून चुंबक सरळ खाली पडू दिला तर त्याचं त्वरण गुरुत्वत्वरणापेक्षा कमी का? आणि कॉइलचं सर्किट उघडं ठेवलं तर काय बदलेल? इंटरफिअरन्सचा अख्खा प्रयोग पाण्यात केला तर पट्ट्या जवळ येतील की लांब जातील? यांची उत्तरं तो कागद न घेता, स्वतःच्या शब्दांत देऊ शकला, तर पहिल्या सत्राच्या फिजिक्सची काळजी करू नका. अडला, तर सुट्टीत सूत्रांच्या याद्या बाजूला ठेवून इंडक्शन आणि वेव्ह ऑप्टिक्स ही दोन प्रकरणं अशाच प्रश्नांवरून पुन्हा करून घ्या. त्याबरोबर डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि व्हेक्टर यांची उजळणी झाली तर उत्तमच, कारण पहिल्या वर्षी मुलं फिजिक्समध्ये अडकल्यासारखी दिसतात तेव्हा बहुतेक वेळा ती गणितात अडकलेली असतात.